राउटरच्या पंख्याचा अलार्म आला, तर सुरुवात कुठून करायची

राउटरवर फॅनचा अलार्म आला की या कामात नव्याने आलेल्यांचा हात सरळ स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. पंखा बदलतात, आवाज थांबतो, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद होतं. महिन्याभरात तोच राउटर पुन्हा तापतो. पंख्याचा अलार्म ही पुष्कळदा हवेची तक्रार असते. एसी रात्री बंद होतो, रॅकच्या बाजूला केबलींचा गठ्ठा असतो, हीटसिंकवर (चिपची उष्णता सोडणाऱ्या पत्र्यांवर) धुळीचा थर बसलेला असतो. यांपैकी काय घडलंय याचा अंदाज राउटरच्या आकड्यांवरून बांधता येतो, फक्त ते आधी वाचावे लागतात. म्हणून या लेखात पेचकस बराच उशिरा येईल.

उदाहरणासाठी सिस्कोच्या २९०० मालिकेतला २९११ राउटर घेतो. २००९ साली आलेली ही मालिका आजही अनेक शाखा आणि कारखान्यांच्या रॅकमध्ये चालू स्थितीत दिसते. २०२२च्या अखेरीस कंपनीने तिचा सपोर्ट बंद केला, त्यामुळे सुटे भाग रीफर्बिश्ड बाजारातूनच मिळवावे लागतात. चुकीचं निदान करून चांगला फॅन ट्रे (सगळे पंखे बसवलेली चौकट) काढून टाकला, तर दुसरा मिळेपर्यंत साइट लटकते. दुसरा कुठला राउटर असला तरी क्रम हाच ठेवा, फक्त कमांड बदलतील.

निघण्याआधी

सोबत कन्सोल केबल (राउटर थेट लॅपटॉपला जोडणारी), लॅपटॉप, स्टार स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, मऊ ब्रश, हातातला छोटा ब्लोअर, अँटिस्टॅटिक मनगटपट्टा आणि टॉर्च असू द्या. कन्सोलसाठी लॅपटॉपवरच्या ‘पुट्टी’ (PuTTY) या प्रोग्रॅममध्ये स्पीड ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. २९११ ला नेहमीच्या कन्सोल पोर्टशेजारी मिनी यूएसबी कन्सोलही आहे, पण त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये आधी टाकून ठेवावा लागतो. साइटवर नेट बंद असताना ड्रायव्हर शोधायची वेळ येऊ देऊ नका.

फोनवर साइटच्या माणसाला दोन गोष्टी विचारा: आवाज कधीपासून वाढला, आणि एसी कोण, किती वाजता बंद करतं. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात निम्मं काम होऊन जातं.

राउटर काय म्हणतोय ते वाचा

पहिली कमांड ‘शो एन्व्हायर्नमेंट ऑल’. हिचं सगळं आउटपुट कॉपी करून फाइलमध्ये ठेवा, नंतर तुलनेला लागेल. त्यात वीजपुरवठा, पंखे, तापमान, घड्याळाची बॅटरी आणि एकूण वीजवापर असे भाग दिसतात.

पंख्यांच्या भागात एकेका पंख्यासमोर ‘ओके’ आणि वेगाची पातळी असते. थंड खोलीत निरोगी २९११ चे चारही पंखे ‘लो स्पीड’वर असतात. आता लॉग (राउटरने ठेवलेली घटनांची नोंद) पाहा: ‘शो लॉगिंग’. त्यात ‘एन्व्हमॉन’ने (पंखे-तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या भागाच्या नावाने) सुरू होणारी आणि ‘फॅन लो आरपीएम’ असं म्हणणारी ओळ सापडली तर ती शेवटपर्यंत वाचा. अमुक क्रमांकाचा पंखा कमी वेगाने फिरतोय, म्हणून बाकीच्या सगळ्यांचा वेग वाढवलाय आणि फॅन ट्रे बदलावा, असं ती सांगते. ही ओळ नीट समजली की एक मोठा गैरसमज जातो. राउटर जोरात घोंघावत असतो आणि माणूस सर्वांत मोठा आवाज करणारा पंखा खराब ठरवतो. खरं तर ओरडणारे पंखे धडधाकट असतात, ते आजारी पंख्याचं काम ओढत असतात. दोषी पंखा आवाजावरून ठरवू नका, लॉगमधल्या क्रमांकावरून ठरवा.

तापमानाचा भाग सर्वांत जास्त बोलतो. २९११ मध्ये डावीकडे ‘इंटेक’ सेन्सर, उजवीकडे ‘एक्झॉस्ट’ सेन्सर, शिवाय सीपीयू आणि पॉवर सप्लायचे वेगळे. नावांवरूनच कळतं की हवा डावीकडून आत शिरते आणि उजवीकडून बाहेर पडते. हे आकडे एकेकटे वाचण्यापेक्षा त्यांच्यातला फरक वाचायला शिका.

इंटेक २४ आणि एक्झॉस्ट २८-३० अंश असेल, तर सगळं ठीक आहे. इंटेकच ३८-३९ दाखवत असेल आणि एक्झॉस्ट त्याहून थोडाच वर असेल, तर पंखे आपलं काम करताहेत, खोली गरम आहे. या राउटरला कंपनीने शून्य ते ४० अंशांची मर्यादा दिली आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतला रॅक ही मर्यादा सहज गाठतो. तिथे फॅन ट्रे बदलून पैसे घालवण्यात अर्थ नाही.

इंटेक २६ आहे पण एक्झॉस्ट ४५ च्या पुढे गेलाय, तर हवा आत येऊन पुढे सरकत नाही: पंखा मंद झालाय, वाट तुंबलीय किंवा उजव्या बाजूला काहीतरी आडवं आलंय. इंटेक-एक्झॉस्ट दोन्ही ठीक, फक्त सीपीयू चढलेला, तर आधी सीपीयूवरचा लोड पाहा, ‘शो प्रोसेसेस सीपीयू’ने. लोड नसेल तर हीटसिंकवरची धूळ किंवा सुटलेली पकड हा संशय धरा.

यानंतर लॉगमधल्या वेळा पाहा. अलार्म रात्री नऊनंतर येतात, रविवारी दिवसभर येतात आणि सोमवारी सकाळी दहाला गायब होतात, असं दिसलं की एसीचं वेळापत्रक मागवा. बऱ्याच ठिकाणी शेवटचा माणूस निघताना ऑफिसचा मेन स्विच पाडतो, सर्व्हर रूमचा एसीही त्याच लाइनवर असतो, आणि राउटर मात्र यूपीएसवर चालू राहतो. अशा ठिकाणी एसीची लाइन वेगळी करून घेणं हाच दुरुस्तीचा खरा भाग.

मात्र वेळांवर विश्वास ठेवायचा तर घड्याळ बरोबर हवं. ‘शो क्लॉक’ बघा. तारीख भलतीच असेल, तर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) लावलेलं नाही आणि बहुधा घड्याळाची बॅटरीही गेली आहे. एन्व्हायर्नमेंटच्या आउटपुटमध्ये तिची ओळ असते, पण ती तपासणी राउटर चालू होतानाच होते. तीन वर्षं अखंड चाललेल्या राउटरवर ‘बॅटरी ओके’ दिसलं तर ते तीन वर्षांपूर्वीचं मत आहे.

मग रॅकसमोर उभे राहा

अजून काही उघडायचं नाही. टॉर्च मारून डाव्या-उजव्या जाळ्या पाहा. २९११ मध्ये हवा आडवी वाहते, आणि रॅकमध्ये केबली नेमक्या त्याच बाजूंनी वरखाली नेलेल्या असतात. पॅच कॉर्डचा जाड गठ्ठा जाळीला टेकलेला असेल तर तो बाजूला घेऊन वेल्क्रोने बांधा, दहा मिनिटं थांबा आणि तापमान पुन्हा वाचा. केवळ एवढ्यावर अलार्म गेलेल्या साइट्स मी पाहिल्या आहेत, आणि तिथे कुठला डाउनटाइम (सेवा बंद ठेवायची वेळ) घ्यावा लागला नाही.

शेजारचं यंत्र कुठे हवा सोडतं तेही पाहा. वरचा स्विच आपली गरम हवा राउटरच्या इंटेकच्या बाजूला फेकत असेल, तर राउटर दुसऱ्याचा उच्छ्वास ओढत बसतो. रॅकमधल्या मोकळ्या जागांवर ब्लँकिंग प्लेट (झाकणपट्ट्या) नसतील, तर मागची गरम हवा त्या फटींतून पुढे येते. भिंतीवरच्या छोट्या बंद रॅकमध्ये वरचा एक्झॉस्ट फॅन बंद पडलेला असतो आणि त्याचा अलार्म कुठेच येत नाही, म्हणून तो हाताने तपासा.

एक्झॉस्टच्या जाळीसमोर तळहात धरा. वारा सगळीकडे सारखा लागतोय का? एका पट्ट्यात काहीच लागत नसेल तर त्यामागचा पंखा किंवा त्याची वाट गेली. कान जवळ नेऊन आवाजाची जातही ऐका: सलग घोंघावणं म्हणजे वेग वाढलाय, खरखर म्हणजे बेअरिंग सुकलंय, ठरावीक टकटक म्हणजे पात्याला काहीतरी लागतंय, बहुधा आतली सुटी वायर.

बंद करण्याआधी

ही पायरी गाळू नका. वर्षानुवर्षं बंद न झालेला जुना राउटर बंद केला की परत उठेलच याची खात्री नसते. ‘शो रनिंग कॉन्फिग’, ‘शो व्हर्जन’ आणि ‘शो इन्व्हेंटरी’ यांचं आउटपुट लॅपटॉपवर घ्या. कॉन्फिग (राउटरची सेटिंग्ज) सेव्ह करा. फ्लॅशमधली आयओएस इमेजही (राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल उतरवण्याच्या पद्धतीने) किंवा यूएसबीवर उतरवून ठेवा, कारण कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड जुनं झालं की बंद-चालू करतानाच दगा देतं. ‘शो इन्व्हेंटरी’मध्ये कार्डांचे पार्ट नंबर आणि सीरियल नंबर असतात, व्हेंडरकडे भाग मागताना तेच लागतात. प्रत्येक केबल कुठल्या पोर्टला होती याचा फोटो काढा आणि टॅग लावा.

साइटकडून लेखी डाउनटाइम घ्या. मग स्विच बंद, पॉवर कॉर्ड काढलेली, काही मिनिटांचा थांबा.

धूळ

राउटर रॅकमधून काढून टेबलावर घ्या. रॅकमध्ये ब्लोअर मारला तर ती धूळ शेजारच्या यंत्रांत जाते. मनगटपट्टा लावा, वरचं झाकण काढा.

उघडल्यावर पंख्याच्या पात्यांवरची काळी किनार लगेच दिसते आणि सगळे तीच पुसतात. त्रासदायक धूळ त्यामागे असते. पंखा आणि हीटसिंकच्या पत्र्यांच्या मधे, वरून न दिसणाऱ्या जागी, ती गोधडीच्या अस्तरासारखी सलग चादर होऊन बसते. टॉर्च तिरपी धरून पत्र्यांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. दिसत नसेल तर चादर आहे. ब्रशने तिचं एक टोक सोडवलं की बहुतेक वेळा ती अखंड निघते. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांच्या परिसरात, किंवा विदर्भात जिनिंगच्या आवारात, धुळीत कापसाचे तंतू असतात. तिथे ही चादर फार लवकर विणली जाते, म्हणून सफाईचं वेळापत्रक इतर साइट्सपेक्षा जवळजवळचं ठेवा.

ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने किंवा लाकडी काडीने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेबाहेर गरगरतो, त्यात बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीज तयार करते, ती बोर्डात जाते. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं बोर्डाजवळ नेऊ नका, त्याने स्थिर वीज तयार होते.

कोकणात आणि गोव्यात धुळीपेक्षा दमट खारी हवा जास्त त्रास देते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनतंतूच्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या. उघड्या स्लॉटमधून पाल आत गेलेली सापडणं हाही नेहमीचा प्रकार आहे. रिकाम्या स्लॉटवर पत्र्याची फिलर प्लेट लावली की पालही थांबते आणि हवाही ठरलेल्या वाटेने जाते.

पंखा खरंच गेला आहे का

वीज बंद असताना पात्याला बोटाने हलका धक्का द्या. चांगला पंखा काही फेरे घेऊन हळूच थांबतो. सुकलेला पंखा धक्क्यासरशी अडकतो किंवा बोटाला खरखर जाणवते. आता मधली टोपी दोन बोटांत धरून वरखाली, डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. डावीकडे-उजवीकडे स्पष्ट खेळ जाणवला की बेअरिंग झिजलंय. इथे तेलाचा थेंब सोडून पंखा परत फिरवण्याची पद्धत सर्रास आहे. शिलाई मशीनच्या तेलाने तो फिरतोही, पण थोडेच दिवस, आणि पुन्हा बंद पडतो तेव्हा साइटवर कोणी नसतं. दुसरा पंखा येईपर्यंतची रात्र काढायला ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

पंखा फिरतो, तरी राउटर त्याला खराब म्हणतो, असंही होतं. कारण राउटर पंख्याकडे पाहत नाही, तो त्याच्या तिसऱ्या तारेवरचा सिग्नल मोजतो. दोन तारांच्या पंख्याला फक्त वीज असते. तीन तारांच्या पंख्यात तिसरी तार वेगाचे ठोके पाठवते, सहसा एका फेऱ्याला दोन. चौथी तार असेल तर तिच्यावरून वेग कमीजास्त करायचा आदेश येतो. तिसऱ्या तारेची पिन सैल असली, तर पंखा झकास फिरत असूनही अलार्म येतो. कनेक्टर काढून परत घट्ट बसवणं हा उपाय म्हणून आधी करून पाहा.

शक्य असेल तर पूर्ण फॅन ट्रे बदला. एका ट्रेमधले सगळे पंखे एकाच वयाचे असतात, एक गेला की बाकीचेही रांगेत असतात. ट्रे मिळत नसेल आणि सुटा पंखा लावायचा असेल, तर जुन्याच्या लेबलचा फोटो घेऊन दुकानात जा आणि या गोष्टी जुळवा: लांबी-रुंदी आणि जाडी, व्होल्टेज, अँपिअर, तारांची संख्या आणि कनेक्टरमधला तारांचा क्रम. तारांच्या रंगांवर विसंबू नका, ते कंपनीनुसार बदलतात.

इथे एक मेख आहे, ती दुकानदारही सांगत नाहीत. तीन तारांच्या पंख्यांचे दोन प्रकार असतात. एकाची तिसरी तार वेगाचे ठोके पाठवते; दुसऱ्याची फक्त ‘मी फिरतोय’ किंवा ‘मी अडकलोय’ एवढंच कळवते. दोन्ही बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. ठोके मोजणाऱ्या राउटरला दुसऱ्या प्रकारचा पंखा लावला, तर तो नवा कोरा असूनही अलार्म जाणार नाही. मॉडेल नंबरची पूर्ण शेपटी जुळवूनच घ्या.

आवाज कमी म्हणून संगणकासाठी मिळणारा ‘सायलेंट’ पंखा लावू नका. राउटरच्या आत हवा अरुंद फटींतून ढकलावी लागते, त्याला दाब लागतो, तो दाब मंद पंखा देत नाही. बसवताना दिशा पाहा. चौकटीवर बाण कोरलेले असतात, त्यातला एक हवेची दिशा दाखवतो. बाण नसेल तर सहसा लेबल आणि आडव्या पट्ट्या असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते. एक पंखा उलटा बसला की तो शेजारच्यांशी भांडत राहतो, आणि तापमान पूर्वीपेक्षा वाईट होतं.

मोठ्या शासीच्या राउटरमध्ये फॅन ट्रे चालू स्थितीत काढता येतो, पण नवा ट्रे हातात तयार असेल तरच काढा. ट्रे बाहेर असताना किती मिनिटं चालतं ते त्या मॉडेलच्या हार्डवेअर गाइडमध्ये दिलेलं असतं. २९११ सारख्या छोट्या राउटरवर मी नेहमी वीज बंद करूनच काम करायला सांगतो.

पंखे ठीक, तरी राउटर बसतो

‘शो व्हर्जन’मध्ये राउटर मागच्या वेळी का बंद झाला याची ओळ असते. तिथे ‘पॉवर ऑन’ असेल आणि कोणी स्विच बंद केला नसेल, तर वीज गेली होती: सैल कॉर्ड, यूपीएसची मेलेली बॅटरी, किंवा राउटरचा स्वतःचा पॉवर सप्लाय. आधी सॉकेट तपासा. मल्टिमीटर वापरायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं, आणि न्यूट्रल-अर्थ साधारण २-३ व्होल्टच्या आत. ते त्याहून बरंच वर असेल तर अर्थिंगचं काम करून घेतल्याशिवाय नवा भाग लावू नका. पॉवर सप्लायचं खोकं मात्र उघडू नका. २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायमधला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठवतो, आणि कॉर्ड काढल्यावरही तो काही वेळ भरलेला असू शकतो. पॉवर सप्लाय पूर्ण बदलायचा, दुरुस्त करायचा नाही.

‘शो व्हर्जन’च्या त्या ओळीत एरर लिहिलेली असेल तर फ्लॅशमध्ये ‘क्रॅशइन्फो’ फाइल शोधा. मेमरीचा संशय आला तर रॅम काढून कडा पुसून परत बसवा. चालू केल्यावर राउटर ‘रॉममॉन’ (आयओएस सुरू होण्याआधीच्या) प्रॉम्प्टवर अडकला तर बहुधा फ्लॅश कार्ड किंवा इमेज खराब आहे, आणि मघाशी उतरवलेली इमेज इथे कामी येते. बोर्डवर कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसली तर समजा उष्णतेने बोर्ड म्हातारा झालाय; दहा अंश जास्त तापमानात कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

एखादं कार्डच दिसत नसेल, तर २९११ ची ईएचडब्ल्यूआयसी कार्डं (जादा पोर्टसाठी स्लॉटमध्ये बसणारी) चालू राउटरमधून काढायची नाहीत. वीज बंद, कार्ड काढून परत बसवा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड खराब, जागेवर राहिला तर स्लॉट.

छोट्या इंटरनेट पुरवठादारांकडे मायक्रोटिक कंपनीचे राउटर जास्त असतात. तिथे ‘सिस्टिम हेल्थ प्रिंट’ दिलं की पंखे असलेल्या मॉडेलवर फेरे, तापमान आणि व्होल्टेज थेट आकड्यांत मिळतात. घरच्या राउटरला सहसा पंखा नसतो. तो तापत असेल तर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा, उभा ठेवा, आणि वारंवार रीस्टार्ट होत असेल तर आधी तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्याच अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा.

चालू केल्यावर

चालू होताना पंखे काही क्षण पूर्ण वेगाने फिरतात, त्याला घाबरू नका. तासाभराने ‘शो एन्व्हायर्नमेंट ऑल’ घ्या आणि आधीच्या फाइलशेजारी ठेवा. इंटेक-एक्झॉस्टमधला फरक कमी झाला का, पंखे ‘लो’वर आले का, हे दोनच प्रश्न आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आणि रात्री एसी बंद झाल्यावर पुन्हा रीडिंग घ्या, मगच तिकीट बंद करा.

एनटीपी आणि ‘एन्व्हमॉन’चे एसएनएमपी ट्रॅप (देखरेखीच्या सिस्टिमला आपोआप जाणारे इशारे) चालू करून जा, म्हणजे पुढचा अलार्म साइटच्या माणसाच्या कानावर यायच्या आधी तुमच्या स्क्रीनवर येईल. फॅन ट्रेवर बदलल्याची तारीख चिकटवा. सफाई आणि नव्या ट्रेनंतरही एक्झॉस्ट उतरला नसेल, किंवा कपॅसिटर फुगलेले असतील, तर या राउटरवर आणखी खर्च करू नका. आधीची आणि नंतरची दोन्ही रीडिंग्ज जोडून नव्या राउटरचा प्रस्ताव त्याच दिवशी पाठवा.